परीक्षा केंद्र : धुळे

१२ जानेवारी २०२५, रविवार

अभ्यासकेंद्रातले सर म्हणाले, रोज पानभर तरी लिहा. विषय कुठलाही चालेल, पण तीन तास सलग लिहायचं तर हाताला सवय पाहिजे. आमच्या वर्गात सगळे माझ्यासारखेच. कुणी दुकानदार, कुणी होमगार्ड, एकाला तर नातू झालाय. सगळ्यांचे हात कामाला चालतात आणि पेनाला अडतात. म्हणून ही वही काढली.

आता लिहायचं काय? नाव दिपमाला. वय बेचाळीस. चाळीसगावात अंगणवाडी सेविका. मुक्त विद्यापीठातून बी.ए.चं शेवटचं वर्ष. घरात चार माणसं. हे, म्हणजे पंडितराव, खत-बियाण्याचं दुकान चालवतात. स्वतः दहावीच्या पुढे गेले नाहीत, त्यामुळे ‘नावाला पंडित’ हे मी त्यांना अधूनमधून ऐकवते आणि ते हसून सोडून देतात. मेघा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आणि अक्का, माझ्या सासूबाई. अक्कांबद्दल लिहायला एक पान पुरणार नाही.

पदवी कशाला पाहिजे, तर मुख्यसेविकेच्या जागा निघणार आहेत आणि त्याला पदवी लागते. असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण वेगळं आहे. मी धुळ्याला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. परीक्षा तोंडावर आली होती, आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, माझं लग्न लावून दिलं. स्थळ हातचं जाईल म्हणे. मी हळदीच्या अंगाने रडत होते तर बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडतेय. मी परीक्षेसाठी रडत होते. आबांना ते माहीत होतं. तेव्हापासून आजपर्यंत आम्ही दोघंही त्यावर बोललेलो नाही. पण मी नाव घातलं तेव्हा योगराजने, माझ्या भावाने, सांगितलं की आबा दिवसभर गावात सांगत फिरत होते.

पान भरलं. हात दुखतोय.

२ फेब्रुवारी, रविवार

परीक्षेचं केंद्र निवडायचं होतं. चाळीसगाव मिळत होतं, घरापासून चालत जाता आलं असतं. मी धुळे लिहिलं. हे म्हणाले, डोकं फिरलं का तुझं, बसने दीड तास जायचं, उन्हात? मी म्हटलं, हो फिरलं.

धुळ्याहून सोनगीर हाकेच्या अंतरावर. पेपर सुटला की हायवेची बस धरायची, आबांकडे चहा घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत परत. परीक्षेच्या नावाखाली माहेरी चार चकरा होतील. एरवी मला कोण सोडतंय? आबांना फोनवर सांगितलं तर ते इतके खूश झाले की खोकलाच आला. म्हणाले, “पेपर व्हयना का सरळ आठेच ये. काय काय इचारं ते मले सांगजो.” म्हणजे पेपर झाला की इकडेच ये आणि काय काय विचारलं ते मला सांग. आबा चौथी शिकलेत. त्यांना मी समाजशास्त्राचा पेपर सांगणार आहे. मज्जाच आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज वरण करपलं. पुस्तक हातात होतं, खोटं कशाला लिहू. अक्कांनी पातेलं उचललं, ओट्यावर आपटलं आणि शेवंताबाईंकडे जाऊन बसल्या. शेवंताबाई म्हणजे आमच्या शेजारच्या, गल्लीची आकाशवाणी. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की पंडितची बायको म्हातारपणी शाळेत जाते आणि घरातली माणसं करपलेलं खातात.

हे मधे पडत नाहीत. दोघींचं काय ते तुम्ही बघा म्हणतात आणि दुकानात जातात. मेघा माझ्या बाजूने असते, पण तिची बाजू म्हणजे माझ्या शेजारी बसून मोबाईल बघणं.

कधी कधी वाटतं, कशाला हा खटाटोप? दिवसभर पोरं सांभाळा, त्यांची वजनं घ्या, माहिती मोबाईलवर भरा, घरी येऊन स्वयंपाक करा आणि पहाटे उठून राष्ट्रवादाचा उदय वाचा. राष्ट्रवादाचा उदय होतो आणि मला झोप येते.

९ मार्च, रविवार

आज नवलच झालं. शेवंताबाई ओसरीवर येऊन बसल्या. मी आत वाचत होते, माझ्याकडे पाठ होती. त्या अक्कांना म्हणाल्या, तुमच्या सुनेला आता काय कलेक्टर व्हायचंय का. मी कान टवकारले. अक्का म्हणाल्या, “व्हईना कलेक्टर, तुझं काय जातं? तुझ्या सुनेला सह्या तरी येतात का?” शेवंताबाई चहा न घेता गेल्या.

मग अक्का आत आल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, भांडी राहू दे, मी घासते. मी म्हटलं, अक्का, तुम्ही कशाला. त्या म्हणाल्या, आता बाहेर एवढी नाचक्की करून घेतली ना, मग पास तरी हो.

अक्कांचं असंच. विरोध करतील तर पूर्ण ताकदीने, आणि बाजूने झाल्या तरी तशाच. आता भीती वाटते की त्या माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतील.

१० एप्रिल, गुरुवार

आबांना धुळ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. हृदय कमजोर झालंय, पाणी साचतंय पायात. काल मी आणि हे जाऊन आलो. आबा कॉटवर बसलेले, पाय सुजून टरारलेले, आणि मला बघितल्यावर पहिला प्रश्न, अभ्यास कुठपर्यंत आला. मी म्हटलं, खड्ड्यात गेला अभ्यास. तर रागावले. माझा हात धरला आणि म्हणाले, “मनी काळजी करू नको. पेपर चुकाडू नको.” माझी काळजी करू नको, पेपर चुकवू नको. मग ह्यांच्याकडे बघून तेच परत म्हणाले, पंडितराव, हिला पेपर चुकवू देऊ नका. ह्यांनी मान हलवली.

माय, माझी आई, कोपऱ्यात स्टुलावर बसून सफरचंद कापत होती. तिचं नाव ताईबाई, आणि नावाप्रमाणेच कमी बोलणारी. नावाचा आणि बोलण्याचा काही संबंध नाही म्हणा, पण मला लहानपणापासून तसं वाटतं. तिने कापलेल्या फोडी आबांनी मला खायला लावल्या.

उद्या घरी सोडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, जपा. म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

२० मे, मंगळवार

पहिला पेपर झाला. मराठीचा. वर्गात माझ्या पुढच्या बाकावर एक पोलीस, मागे एक बाई लेकराला दूध पाजून आलेली. तीन तास लिहिलं. बोटं वाकडी झाली, पण थांबले नाही.

सुटल्यावर सोनगीरला. आबा पडवीत खाट टाकून वाटच बघत होते. कामिनीने, भावजयीने, पोहे केले होते, ते मी हातात घेतले नाहीत तोवर आबा म्हणाले, चल सांग. मी एकेक प्रश्न सांगितला. आबा डोळे मिटून ऐकत होते, मधेच विचारायचे, मग तू काय लिहिलं? एका प्रश्नाला मी म्हटलं, हा सोडला. तर म्हणाले, सोडायचा नाही, काहीतरी लिहायचं, मास्तरला कुठे वेळ असतो वाचायला. मी इतकी हसले.

मी निघताना आबा उठायला गेले तर त्यांना उठता आलं नाही. बसूनच हात वर केला.

२३ मे, शुक्रवार

दुसरा पेपर बरा गेला. आबा आज झोपून होते. आवाज बारीक. तरी सगळा पेपर ऐकला. मला वाटलं झोपले, म्हणून थांबले, तर बोटाने खूण केली, पुढे सांग.

मग अचानक म्हणाले, तेव्हा मी चुकलो. मी म्हटलं, कशात? मला माहीत होतं कशात. मी ‘जाऊ द्या आबा’ म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, चहा घेणार का. बाई, काय जीभ दिली देवाने मला. मंगळवारी जाईन तेव्हा नीट बोलते. मला त्यांच्यावर राग नाही, हे एकदा तोंडाने सांगून टाकते.

२७ मे, मंगळवार

आज समाजशास्त्राचा पेपर. तो झकास गेला, पण दिवस भलताच विचित्र.

पहाटे उठले तर अक्का माझ्या आधी उठून चुलीपाशी. पाणी तापवलेलं. म्हणाल्या, आज डोक्यावरून अंघोळ कर. मी म्हटलं, अक्का, पेपर आहे, केस वाळायला दुपार होईल. त्या ऐकेचनात. डोक्यावरून घे म्हणजे घे. शेवटी स्वतः मोरीत येऊन माझ्या डोक्यावर तांब्या ओतला. एवढी मोठी बाई मी, आणि सासू न्हाऊ घालतेय. ओतताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. वय झालं आता अक्कांचं.

न्हाऊन देवाजवळ दिवा लावायला गेले तर म्हणाल्या, तू जाऊ नको, मी करते, तू अभ्यास कर. पेपरच्या दिवशीच नेमका देवाला हात लावू दिला नाही.

आणि हे. सकाळी माझा मोबाईल ह्यांच्या हातून पाण्याच्या बादलीत पडला. माणूस दिवसभर खताची पोती उचलतो आणि वीतभर मोबाईल धरता येत नाही. मला बोलायचं होतं चार शब्द, पण ह्यांचा चेहरा इतका पडलेला की गप्प बसले. म्हणाले, दुरुस्तीला टाकतो. मग म्हणाले, आज बसने नको, मित्राची गाडी आणलीय, मी सोडतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कुठे गाडीने सोडायला आले नाहीत. पास व्हायच्या आधीच असा थाट, पास झाल्यावर घोड्यावर बसवतील.

मेघाचे डोळे सुजलेले. विचारलं तर म्हणे सर्दी. सर्दीने नाक सुजतं, डोळे सुजत नाहीत. एखाद्या पोराचं लचांड असणार. पेपर संपू देत, बसवते तिला समोर.

पेपरात कुटुंबसंस्थेवर मोठा प्रश्न होता. मला पाठ होता, पण आज पाठातलं लिहिलं नाही, मनाचं लिहिलं. अक्का, हे, मेघा, आबा, सगळे डोळ्यांसमोर आले. कुटुंब माणसाला सुखदुःखात एकटं पडू देत नाही, असं लिहिलं आणि उदाहरणं दिली. पुरवणी घेतली.

सुटल्यावर हे उशिरा आले. केस ओले, अंगात दुसराच शर्ट. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, उकडलं फार, मित्राकडे अंघोळ केली. मी चिडवलं, धुळ्यात कोण ठेवलीय अंघोळ घालायला? हसले नाहीत. मी म्हटलं, चला सोनगीरला. तर म्हणाले, आज नको. डॉक्टरांनी आबांना भेटायला बंदी केलीय, लागण होईल, शेवटचा पेपर झाला की जाऊ. मी भांडले. गाडीतून उतरते म्हटलं. ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टेअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. म्हणाले, “दिपा, मला आज काही बोलू नको.” त्यांचा आवाज ऐकून मी घाबरले, दुकानात काही झालं असेल. मग गप्प बसले.

रस्त्यात ह्यांच्या फोनवरून योगराजला फोन केला. आबा झोपलेत म्हणाला. मागे बायकांचे आवाज. कोण आलंय विचारलं तर म्हणाला, शेजारी लग्नाचे पाहुणे. मेमध्ये लग्नांना काय तोटा. मी म्हटलं, आबांना सांग, कुटुंबाचा प्रश्न आला होता, मी पुरवणी घेतली. योगराज म्हणाला, सांगतो अक्के. मला अक्का म्हणतो तो, तोही म्हातारा झाला आता, आवाज बसलेला.

२८ मे, बुधवार

अक्का मला पंखाखाली घेऊन बसल्यात. पेपर संपेपर्यंत काही करायचं नाही म्हणतात. माझं ताट वेगळं वाढतात, बिनफोडणीचं वरण आणि भात. तेलकटाने पोट बिघडलं तर पेपरात काय करशील म्हणे. माझं अंथरूणही वेगळं, बाहेरच्या खोलीत. स्वयंपाकघरात पाय ठेवू देत नाहीत. मी म्हटलं, अक्का, मी परीक्षेला बसलेय, बाळंतपणाला नाही. त्या हसल्या नाहीत. जवळ येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून अक्कांनी माझ्या पाठीवर हात फिरवलेला मला आठवत नाही. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

शेवंताबाई सकाळी दारात आल्या होत्या, तोंड लांब करून. अक्कांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवल्या. माझ्या अभ्यासासाठी अक्का आता गल्लीशीही वैर घ्यायला तयार आहेत. जानेवारीत कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

किती चांगली माणसं मिळाली मला. उगीच नावं ठेवत होते.

३० मे, शुक्रवार, सकाळी

आज शेवटचा पेपर, इतिहास. पहाटे परत तेच, डोक्यावरून अंघोळ. माझी चादर, गोधडी, कालची साडी, सगळं अक्कांनी धुवायला काढलं. घरभर गोमूत्र शिंपडलं. आणि मग म्हणाल्या, आता देवाजवळ दिवा लाव. तीन दिवसांनी देवाला हात लावला. नमस्कार केला, म्हटलं, पेपर सोपा जाऊ दे आणि आबांना बरं वाटू दे.

आज दुपारी सोनगीर. आज कुणी अडवून दाखवा.

८ जून, रविवार

आबा गेले. सत्तावीस मेला, पहाटे.

मला तीसला कळलं. पेपर सुटल्यावर हे सोनगीरला घेऊन निघाले, मी बडबडत होते. हायवेवरून सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तशी ह्यांनी गाडी थांबवली. म्हणाले, दिपा, तुला एक सांगायचंय. मी म्हटलं, बोला. मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं, आत्ता? आत्ता गेले? ते म्हणाले, मंगळवारी. मला कळेना, मंगळवारी कसे, मंगळवारी तर माझा पेपर होता. हेच माझ्या तोंडातून निघालं. मंगळवारी तर माझा पेपर होता.

मग एकेक गोष्ट माझी मलाच कळत गेली. कुणी सांगावी लागली नाही. अक्कांनी डोक्यावर ओतलेलं पाणी. ह्यांचे ओले केस. मी पुरवणी मागत होते तेव्हा हे आबांना खांदा देत होते, आणि तिकडून अंघोळ करून मला घ्यायला आले. मी त्यांना चिडवलं होतं.

लग्न झालेल्या लेकीला बापाचं तीन दिवसांचं सुतक असतं. अक्कांनी ते माझ्याकडून पाळून घेतलं. देव शिवू दिला नाही, फोडणी दिली नाही, वेगळं निजवलं, आणि तीन दिवस झाल्यावर न्हाऊ घालून मोकळी केली. बाप गेला हे मला कळायच्या आधी माझं सुतक फिटलं होतं. मी दिवा लावून आबांना बरं वाटू दे म्हटलं, तेव्हा राखही सावडून झाली होती.

आमच्याकडे लेक येईपर्यंत माणसाला उचलत नाहीत. तोंड बघू देतात, मग नेतात. पुण्या-सुरतेहून लेक यायची असली तरी थांबतात, बर्फावर ठेवतात. मी धुळ्यात होते. हाकेच्या अंतरावर. मुद्दाम तिथलं केंद्र घेतलं होतं.

घरात गेले तर पडवीत बायका बसलेल्या. एरवी माहेरवाशीण आली की गळ्यात पडून रडतात. कुणी उठलं नाही. मंजुळाबाई, आमच्या चुलतकाकू, म्हणाल्या, साहेबीण झाली का गं? योगराजने गावाला सांगितलं होतं, अक्काला, म्हणजे मला, कळवलंय, पेपर झाला की येईल. त्याला वाटलं कुणी मला फोन करून बातमी फोडू नये. म्हणजे गावाच्या लेखी मला माहीत होतं. बाप अंगणात ठेवला होता आणि मी पेपर लिहीत होते. मी ओरडून सांगायला पाहिजे होतं की मला माहीत नव्हतं. सांगितलंही. पण त्यांच्या तोंडावरून कळत होतं, की आता काय, म्हणणारच.

माय आतल्या खोलीत होती. कपाळ मोकळं. मला बघून म्हणाली, “उनी का माय. पेपर व्हयना का?” आलीस का, पेपर झाला का. टोमणा नव्हता तो. आबा विचारायचे म्हणून तिने विचारलं. मी तिच्या मांडीवर पडले. कितीतरी वेळ रडले.

पाच तारखेला दहावा झाला. मी तिथेच होते. काल परत आले.

१५ जून, रविवार

घरात कुणाशी बोलत नाही. अंगणवाडीत जाते, येते, भाकरी करते.

हे आज समोर येऊन बसले. म्हणाले, मी तुझ्या वाईटासाठी केलं का? तू तीन वर्षं ढोरासारखी राबलीस ते मी बघितलंय. एक पेपर गेला असता तर तुझं वर्ष गेलं असतं. आबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, पेपर चुकवू देऊ नका म्हणून. मी म्हटलं, ते आजारपणाबद्दल बोलले होते, मरणाबद्दल नाही. हे म्हणाले, मला काय माहीत, मला जे ऐकू आलं ते मी केलं.

मग मी म्हटलं, “पंडितराव, मी बेचाळीस वर्षांची आहे. मला विचारायचं होतं.”

खरं तर त्यांनाही सासरा गेल्याचं दुःख आहे. तीन दिवस त्यांनी ते तोंडावर दिसू दिलं नाही. हे मला कळतं. कळून राग जात नाही.

२२ जून, रविवार

अक्का आजारी पडल्यात. ताप नाही, काही नाही, जेवत नाहीत. शेवटी मी ताट घेऊन गेले. म्हटलं, जेवा. त्या म्हणाल्या, तू मला शिव्या दे, पण अशी गप्प राहू नको. म्हणाल्या, मी पाप नाही केलं दिपा. तुझं सुतक मोडू नये म्हणून तीन दिवस माझा जीव वरखाली होत होता. तुझ्या बापाच्या नावाने मी तुझं सगळं पाळलं, एक गोष्ट सोडली नाही. मी तुला अंघोळ घालत होते आणि मनात त्यांनाच हात जोडत होते.

अक्कांच्या हिशेबाने त्यांनी माझं कर्ज फेडलं. देवाच्या दरबारात माझं काही बाकी नाही. त्यांना एवढंच कळत नाही की ते माझं होतं, ते मला पाहिजे होतं. ते तीन दिवस मला जमिनीवर लोळायचं होतं. मी ते बिनफोडणीचं वरण खाऊन इतिहासाचा अभ्यास केला.

जेवल्या त्या. मी बसून राहिले समोर.

मेघा आत येऊन उभी राहिली आणि रडायला लागली. म्हणाली, मम्मी, मी सांगणार होते. त्या दिवशी सकाळी तू केस पुसत होतीस, मी दोनदा तोंड उघडलं. पण तू इतकी तयार होतीस. मी तिला जवळ घेतलं. पोरीच्या डोळ्यांवरून मी काय काय कल्पना केली होती.

१७ ऑगस्ट, रविवार

निकाल लागला. प्रथम श्रेणी. मेघाने मोबाईलवर काढून दाखवला. सगळ्यात जास्त गुण समाजशास्त्राला.

हे पेढे घेऊन आले. अक्का काठी टेकत गल्लीत घरोघर गेल्या, शेवंताबाईंना स्वतःच्या हाताने पेढा भरवला म्हणे. अंगणवाडीतल्या मदतनीस भिकुबाईंनी मला हार घातला. मी सगळ्यांना हसून दाखवलं. माणसं आनंदात असली की रडायची चोरी होते.

मुख्यसेविकेचा अर्ज ह्यांनीच भरला. मी सही केली.

एक पेढा माझ्या तोंडात कोंबला होता. तो गिळला नाही. नळाखाली जाऊन थुंकून आले.

२४ ऑगस्ट, रविवार

आज सोनगीरला एकटी गेले. बसने. मायला निकाल सांगायचा होता आणि सांगायचा नव्हताही.

माय पडवीत शेंगा फोडत होती. मी शेजारी बसून फोडायला लागले. कामिनी चहा देऊन आत गेली. मी म्हटलं, पास झाले. माय म्हणाली, बरं झालं, तुझ्या बापाला मुक्ती मिळाली असेल. मी शेंगा फोडत मनात शब्द जुळवत होते. गाव काय म्हणतं ते मला माहीत आहे, पण तू तरी खरं मान, मला कुणी सांगितलं नव्हतं, असं तिला परत सांगायचं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, मला माहीत आहे गं, तुला ठाऊक नव्हतं. जावयाने माझे पाय धरले, तिला सांगितलं नाही म्हणून. मला तेव्हाच कळलं.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मग मायने हातातली शेंग तशीच धरली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “तुले त्या दिन कोनी सांगतं, ते तू पेपर सोडीसन येती का?”

त्या दिवशी तुला कुणी सांगितलं असतं, तर पेपर सोडून आली असतीस का.

मी म्हटलं, हो. लगेच म्हटलं. माय, असं काय विचारतेस, धावत आले असते.

मायने मान हलवली आणि परत शेंगा फोडायला लागली. तिने मानलं की नाही, तिच्या तोंडावरून कळलं नाही. जेवून निघाले. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. चाळीसगावपर्यंत तोच प्रश्न डोक्यात.

इथे कुणी वाचणार नाही, इथे खोटं लिहून काय करू. पहिल्या वर्षाची परीक्षा माझ्या हातून गेली तेव्हापासून मी त्या बाकावर बसायची वाट बघत होते. सत्तावीस तारखेला सकाळी केंद्राच्या दारात कुणी मला गाठून सांगितलं असतं, आबा गेले, तर मी मागे वळले असते की आधी आत गेले असते, मला माहीत नाही. खूप आठवून बघितलं. मी स्वतःला दारात उभी करते, निरोप देते, आणि पाऊल कुठे पडतं ते दिसतच नाही. माझ्या माणसांनी मला त्या दारात उभंच राहू दिलं नाही. आता मी पदवीधर आहे, आणि मी कशी लेक होते हे मला मरेपर्यंत कळणार नाही.